तोच शनिवार, तेच भांडण

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. थोडक्यात तो असा: अकरावी सायन्सचा सोळा वर्षांचा मुलगा ऑगस्टपासून कॉलेजला जात नाही. घरात आई, बाबा आणि आजी. चार महिन्यांत तुमच्याकडे या कुटुंबाच्या थेरपीच्या नऊ बैठका झाल्या. पहिल्या तीन-चार चांगल्या गेल्या, मुलगा बोलायला लागला, आपण फार ओरडतो हे बाबांनी एकदा कबूलही केलं. त्यानंतर दर शनिवारी तेच. आई तक्रारींचा पाढा वाचते, बाबा फोनकडे बघतात, मुलगा टेबलाचा कोपरा नखाने खरवडत बसतो आणि आजी म्हणतात, "त्याला बोलू नका हो, पोर आहे." तुम्ही स्ट्रक्चरल पद्धत शिकलात, म्हणजे घरात कोण कुणाच्या जवळ, कुणाचं चालतं ही रचना बदलायची पद्धत. त्यात शिकवलंय तसं खुर्च्या बदलून पाहिल्या, आई-बाबांना एकमेकांकडे वळून बोलायला लावून पाहिलं. आता विचारताय की नॅरेटिव्हकडे वळू, सोल्यूशन-फोकस्ड करू, की दुसऱ्या कुणाकडे पाठवू?

पद्धत कोणती, हा प्रश्न मी जरा बाजूला ठेवते. गाडी कशात रुतलीय हे कळल्याशिवाय इंजिन बदलून काय होणार? चोवीस वर्षं मी हे काम करतेय, आधी सरकारी रुग्णालयात आणि नंतर स्वतःच्या खोलीत. अडकलेल्या केसमध्ये मी पद्धत बदलली त्यापेक्षा खोलीत कोण बसतं हे बदलल्याचा उपयोग जास्त वेळा झालाय. पण ते नंतर.

आधी एक गोष्ट, जिच्यावर बाकी सगळं अवलंबून आहे. या मुलाला एकट्याला भेटलात का? स्वतःला इजा करण्याचे विचार, घरात मारहाण, व्यसन, कुणाकडून लैंगिक त्रास, यांपैकी काही असेल तर चौघांना एकत्र बसवणं लगेच थांबवा. ज्या घरात एकाला दुसऱ्याची भीती वाटते, तिथे एकत्र बैठकीत बोललेल्या खऱ्या वाक्याची किंमत घरी गेल्यावर मोजावी लागते. सोळा वर्षांचा म्हणजे कायद्याने तो मूलच आहे. लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली तर २०१२च्या पॉक्सो कायद्याने ती पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, आपली गोपनीयता तिथे संपते. हे मुलाला पहिल्याच भेटीत, त्याच्या भाषेत सांगून ठेवावं. यातलं काही नाही असं धरून पुढे लिहिते.

"प्रगती थांबली" हे कोण म्हणतंय? तुमच्या पत्रावरून वाटतं की तुम्हीच म्हणताय. आपला या बाबतीतला अंदाज फारसा भरवशाचा नसतो. अमेरिकेत मायकेल लँबर्ट यांच्या गटाने २००५ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात थेरपिस्टांना विचारलं होतं की तुमच्या रुग्णांपैकी कुणाची तब्येत बिघडेल असं वाटतं. साडेपाचशे रुग्णांपैकी त्यांनी फक्त तिघांची नावं सांगितली. प्रत्यक्षात चाळीस जण बिघडले. हा आकडा वाचला तेव्हा मला जरा राग आला होता. मग मी माझ्या जुन्या फायली काढून बसले आणि राग उतरला.

तेव्हापासून दर बैठकीच्या सुरुवातीला प्रत्येकाला मोजायला लावते. बॅरी डंकन आणि स्कॉट मिलर यांची दहा सेंटिमीटरच्या चार रेषांची पट्टी आहे: माझं स्वतःचं, घरच्यांशी, बाहेर आणि एकूण कसं चाललंय. पेन्सिलने खूण करायची, एक मिनिटाचं काम. नॉर्वेत २०५ जोडप्यांवर २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ज्या जोडप्यांच्या थेरपिस्टांना हे आकडे दर वेळी दिसत होते, त्यांच्यात ठोस सुधारणेचं प्रमाण दुसऱ्या गटाच्या जवळजवळ चौपट निघालं. आजींना मात्र रेषा देऊन उपयोग नसतो. त्यांना मी दहा चिंचोके देते. "घर अगदी हवं तसं चाललं तर दहा. आज किती?" एका आजींनी तीन ठेवले, सुनेकडे पाहिलं आणि एक परत उचलला. त्या उचललेल्या चिंचोक्याने मला अर्ध्या तासाच्या बोलण्यापेक्षा जास्त सांगितलं.

तुमच्या चौघांना हे विचारलंत तर बहुधा चार वेगळी उत्तरं येतील. बाबांच्या लेखी प्रगती म्हणजे कॉलेज. आईच्या लेखी त्याने आपल्याशी बोलणं. आजींच्या लेखी त्याने नीट जेवणं. आणि मुलाच्या लेखी या शनिवारातून सुटका. चौघं एकाच रिक्षात बसलेत, पण पत्ते चार आहेत. मायर्ना फ्रीडलँडर आणि व्हॅलेंतिन एस्कुदेरो यांनी कुटुंबाच्या बैठकांमध्ये थेरपिस्टशी जुळणारं नातं कसं असतं याचा बारकाईने अभ्यास केलाय. त्यांच्या मांडणीतल्या दोन गोष्टी मी कायम डोक्यात ठेवते. घरच्यांना आपण एकाच कामासाठी आलोय असं वाटतं का? आणि थेरपिस्टचं एकाशी फार जुळलंय, दुसऱ्याशी तुटलंय, असं झालंय का?

दुसरी गोष्ट माझ्या बाबतीत कशी घडली ते सांगते (तपशील बदललेत). एक आई, वडील, सतरा वर्षांची मुलगी. आई नोकरी करणारी, नेमकं बोलणारी. तिची वाक्यं माझ्या वहीत जशीच्या तशी उतरायची. सहाव्या बैठकीपासून वडील पाच मिनिटं आधीच उठायला लागले, स्कूटर काढतो म्हणून. मला वाटलं, टाळाटाळ करतात. शेवटी मुलगीच म्हणाली, "मॅडम, तुम्ही पण आईसारखीच मान डोलावता." मी फार आधीच बाजू घेतली होती आणि ती घेतल्याचं मला सोडून खोलीतल्या सगळ्यांना माहीत होतं. त्या केसमध्ये नवीन पद्धतीची गरजच नव्हती. पुढच्या बैठकीत मी वडिलांना एकट्याला बोलावून माफी मागितली आणि पाऊण तास फक्त ऐकलं. वही बंद ठेवून.

तुमच्याकडे फोनमध्ये डोकं घालणारे बाबा आहेत. मी तुमच्या जागी असते तर तिथे आधी पाहिलं असतं.

आता रुतण्याचा दुसरा प्रकार, जो मला सगळ्यात जास्त दिसतो. कॅलिफोर्नियातल्या पालो अल्टो इथल्या थेरपिस्ट मंडळींनी, म्हणजे वीकलँड, वॉट्झलाविक, फिश यांनी, एक साधी गोष्ट मांडली: माणसं अडचणीवर जो उपाय करत राहतात, तोच पुष्कळदा अडचण टिकवून धरतो. आई जितकी समजावते तितका मुलगा गप्प होतो, आणि तो गप्प झाला म्हणून ती आणखी समजावते. हे आपण घरच्यांना शिकवतो. पण आपली बैठकही त्याच चक्रातला एक दात झालेली असू शकते, हे आपल्या लक्षात येत नाही. सुरुवातीला "भांडण शनिवारपर्यंत राखून ठेवा" हे चांगलं असतं, घरात जरा शांतता येते. दोन महिन्यांनी मात्र आई आठवडाभर माल साठवते, शनिवारी तुमच्यासमोर रिकामा करते, हलकी होऊन घरी जाते. सोमवारी ये रे माझ्या मागल्या. आपण त्या घराचं तक्रार निवारण केंद्र होऊन बसतो. कुणी वाईट नाही, सगळे वेळेवर येतात, फी देतात. हलत काहीच नाही.

हे ओळखण्यासाठी मी स्वतःला विचारते: या कुटुंबाला महिनाभर येऊ नका म्हटलं तर काय बिघडेल? उत्तर "काही नाही" असेल तर मी खरंच महिन्याने बोलावते. इटलीतल्या मिलानच्या थेरपिस्टांच्या गटाचा, सेल्विनी पालाझ्झोली, बोस्कोलो, चेक्किन आणि प्राता यांचा अनुभव यात कामाचा आहे. त्यांच्याकडे दूरहून रेल्वेने येणाऱ्या कुटुंबांना दर आठवड्याला येणं जमेना म्हणून महिन्याच्या तारखा दिल्या गेल्या. पुढे लक्षात आलं की अंतर ठेवलेल्या बैठकांनी काम अडत नाही, उलट घराला स्वतःहून हलायला वेळ मिळतो. आपल्याकडे एसटीने तीन तास प्रवास करून येणाऱ्यांच्या बाबतीत मी हेच पाहिलंय.

म्हणजे आतापर्यंत तीन गोष्टी तपासायच्या झाल्या: सगळे एकाच कामाला आलेत का, मी कुणाच्या बाजूला सरकलेय का, आणि बैठक हाच रोगाचा भाग झालाय का. यांतलं काही सापडलं तर पद्धत तीच ठेवून ते दुरुस्त करावं. नाही सापडलं तर पुढे वाचा.

आपल्याकडे सगळ्यांना एकत्र बसवलं की खरं बोलणं बरेचदा थांबतं. हे माझं मत आहे आणि त्यावर माझे काही सहकारी चिडतात. पण बघा, चाळिशीचा बाप स्वतःच्या आईसमोर बायकोची बाजू घेईल? सून सासूसमोर "तुम्ही त्याला लाडावता" म्हणेल? म्हटलं तरी त्याची परतफेड घरी होईल. तुमची स्ट्रक्चरल पद्धत ज्यांनी उभी केली त्या साल्वाडोर मिनुचिन यांचं काम मी मानते, फिलाडेल्फियात त्यांनी गरीब घरांसोबत जे केलं ते मोलाचं आहे. पण समोरासमोर बोलायला लावायचं तंत्र आपल्या घरात जसंच्या तसं उतरवलं की बाबा फोन काढतात. तो फोन म्हणजे त्यांना मिळालेला एकमेव आडोसा असतो. आणि त्या पद्धतीतल्या सीमारेषांचं, म्हणजे घरात कुणी कुणापासून किती अंतर राखायचं याचं म्हणाल तर वन-रूम-किचनमध्ये आजी आणि नातू एकाच दिवाणावर झोपतात, तो आजार नाही, तो चौरस फुटांचा हिशेब आहे.

म्हणून तुमच्या केसमध्ये मी मुलाला काही काळ शनिवारातून मोकळं करेन. पुढच्या चार-पाच बैठका फक्त मोठ्यांच्या. येल विद्यापीठात एली लेबोविट्झ यांनी चिंताग्रस्त मुलांसाठी फक्त पालकांसोबत काम करण्याची पद्धत बसवलीय. २०२० मध्ये १२४ मुलांवरचा त्यांचा अभ्यास आला. मुलाला स्वतंत्र सीबीटी (विचार आणि वागणं बदलायला शिकवणारी थेरपी) देण्याइतकाच उपयोग फक्त पालकांना भेटून झाला. ती मुलं सात ते चौदा वयाची होती, तुमचा सोळाचा आहे, तेव्हा हे जसंच्या तसं लागू होईल असं म्हणत नाही. पण त्यामागचा विचार मी मोठ्या मुलांसाठीही वापरते.

विचार असा. मुलाच्या भीतीभोवती घर हळूहळू वाकतं. कॉलेजला "ताप आहे" म्हणून आई फोन करते. ताट खोलीत जातं. पाहुणे आले की "अभ्यास करतोय" सांगितलं जातं. क्लासची फी बाबा गपचूप भरत राहतात. यातलं प्रत्येक पाऊल प्रेमाचंच असतं, पण सगळी मिळून त्या भीतीला घरभाडं न देता राहायची सोय करतात. पालकांसोबत बसून मी याची आठवड्याची यादी करते, कोण काय करतं, दिवसातून किती वेळा. मग एकच गोष्ट निवडायची. मुलाने काय करावं हे त्यात नसतंच. मोठ्यांनी काय करणं थांबवायचं एवढंच.

ते मुलाला आधी सांगायचं, कागदावर लिहून दिलं तर आणखी बरं. दोन भाग हवेत: तुझा त्रास खरा आहे, आणि तू तो सोसू शकशील. उदाहरणार्थ, "कॉलेजचं नाव काढलं की तुझ्या पोटात गोळा येतो, हे आम्हाला उशिरा कळलं. तरी तुला हे पेलेल असं आम्हाला वाटतं. सोमवारपासून आम्ही कॉलेजला खोटा ताप कळवणार नाही. जे खरं आहे तेच सांगू." बस. त्यावर वाद नाही, उपदेश नाही. पहिले आठ-पंधरा दिवस घर तापतं, दार आपटलं जातं. हे पालकांना आधीच सांगितलं नाही तर ते तिसऱ्या दिवशी माघार घेतात आणि मुलगा शिकतो की दार जोरात आपटलं की काम होतं. सुरुवातीला विचारलेला स्वतःला इजा करण्याचा प्रश्न इथे पुन्हा विचारायचा. त्याचं उत्तर "नाही" असेल तरच हे पाऊल.

यात आजींना वगळलं तर सगळं मुसळ केरात. एका घरात ताट खोलीत न्यायचं नाही असं आई-बाबांनी ठरवलं, आजींना कुणी विचारलंच नाही. मागच्या दाराने थालीपीठ पोचत राहिलं. नंतर मी आजींना एकट्या भेटले. नातवाबद्दल नाही, त्यांच्या घरात त्यांचं लहानपणी कुणी ऐकायचं का, याबद्दल बोललो. शेवटी म्हणाल्या, "ताट बंद करते, पण ते सुनेने सांगितलं म्हणून नाही, तुम्ही विचारलंत म्हणून." चालेल. मग त्यांनाच काम दिलं: नातू स्वयंपाकघरात आला तर त्याच्यासोबत बसून जेवायचं, न आला तर झाकून ठेवायचं. त्या घरात पहिला बदल कॉलेजात नाही, ओट्यापाशी झाला.

तुम्ही विचारलेल्या दोन पद्धतींबद्दल आता थोडक्यात. घरात मुलाला "आळशी", "कामातून गेलेला" अशी विशेषणं चिकटली असतील तर मायकेल व्हाइट आणि डेव्हिड एप्स्टन यांची नॅरेटिव्ह वाट चांगली. अडचण मुलापासून वेगळी काढून तिला नाव द्यायचं आणि सगळ्यांनी मिळून तिच्याकडे बघायचं. पण नाव मुलानेच द्यायला हवं. आपण दिलं तर सोळा वर्षांच्या मुलाला ते बालवाडीसारखं वाटतं. सोल्यूशन-फोकस्ड, म्हणजे स्टीव्ह डी शेझर आणि इन्सू किम बर्ग यांची पद्धत, थकलेल्या घराला उभारी देते, कारण ती जमलेल्या दिवसांचा शोध घेते. पण आईचं गाऱ्हाणं पुरतं ऐकून घेण्याआधी "बरा दिवस कोणता होता?" विचारलं, तर तिला वाटतं आपल्याला गप्प केलं. समोरासमोर बोलणं जमत नसेल तिथे मला मिलानच्या गटाचे तिसऱ्या माणसाला विचारायचे प्रश्न अधिक आवडतात. "आई रडली की घरात सगळ्यात आधी कोण उठतं?" हे मुलाला विचारायचं, आईला नाही. कुणावर आरोप होत नाही आणि ऐकणारा ऐकतो.

एक क्रम मात्र पाळते. विल्यम पिन्सॉफ यांनी तो नीट मांडलाय: आधी सगळ्यात साधी आणि वर्तमानातली गोष्ट करून बघायची, ती चालली नाही तरच खोल उतरायचं. घर मुळात धडधाकट आहे असं धरून चालायचं. आजीच्या लग्नापासूनचा इतिहास काढायची वेळ येते कधी कधी, पण पहिल्या अडथळ्याला जीनोग्राम, म्हणजे पिढ्यांच्या नात्यांचा नकाशा, उलगडून बसणं म्हणजे नळ गळतोय म्हणून पाया खणणं.

या साध्या गोष्टींमध्ये शरीरही येतं. हा मुलगा पहाटे चारला झोपतो का? वजन उतरलंय का? आवडीचं काहीच उरलं नाही का? मग मनोविकारतज्ज्ञांना दाखवायलाच हवं, कुटुंबाच्या बैठका चालू असल्या तरी. कानात आवाज येणं, विचित्र संशय असं काही दिसलं तर बैठकांचा सूरच बदलावा लागतो. तिथे नात्यांचे अर्थ लावत बसायचं नाही. आजार काय आहे, औषध कसं द्यायचं, आवाज न चढवता कसं बोलायचं, हे घरच्यांना शिकवायचं.

बदल ठरला की तो घरच्यांना सरळ सांगा. मी साधारण असं म्हणते: "गेल्या चार-पाच बैठका आपण जागच्या जागी आहोत असं मला वाटतं. माझ्याकडूनही काही राहिलंय. मी वेगळ्या रीतीने करून बघायचं म्हणते. पाच बैठका करू, मग पुन्हा मोजू." मुदत सांगणं महत्त्वाचं. मुदत नसली की आपण दर शनिवारी नवी पद्धत काढतो आणि घराला वाटतं, बाईंनाच काही कळत नाहीये. आणि "कुटुंब सहकार्य करत नाही" असं फाइलमध्ये लिहिण्याआधी एक रात्र थांबा. मी ते वाक्य जेव्हा जेव्हा लिहिलंय, तेव्हा बहुतेक वेळा मीच ऐकत नव्हते.

दुसऱ्याकडे पाठवायचं कधी? विचारपूर्वक केलेले दोन बदल फसले, आणि शुक्रवारी संध्याकाळी या कुटुंबाच्या आठवणीने तुमच्या छातीत धस्स होतं, तर पाठवा. त्याआधी मात्र एका बैठकीची दहा मिनिटं शब्दशः लिहून एखाद्या ज्येष्ठ सहकाऱ्यापुढे मोठ्याने वाचा. पाठवायचं ठरलं तर घरच्यांच्या परवानगीने एक पानी पत्र द्या: काय केलं, काय चाललं, काय नाही. "तुमच्यासाठी मी पुरत नाही" असं म्हणायचं, "तुमच्यावर इलाज नाही" असं ऐकू जाता कामा नये.

शेवटी माझी एक चूक, कारण ती तुमच्या केसशी फार जुळते. अशाच एका अकरावीच्या मुलाच्या घरच्यांसोबत मी आठ बैठका संवाद, सीमा, बापाचा धाक यांवर घालवल्या. नवव्या वेळी आई आजारी होती म्हणून मुलगा एकटा आला. बॅगेतून भौतिकशास्त्राचं पुस्तक काढून माझ्यापुढे ठेवलं आणि म्हणाला, "यातलं मला एक पान कळत नाही." दहावीपर्यंत मराठी माध्यम, चौऱ्याण्णव टक्के, आणि जूनपासून सगळं इंग्रजीत. वर्गात प्रश्न विचारायची लाज. घरात सांगायची सोय नाही, कारण त्या टक्क्यांचे पेढे वाटून झाले होते. दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. त्याला हवी होती एक मराठीतून समजावणारी शिक्षिका आणि गरज पडली तर शाखा बदलायची घरच्यांची तयारी. ती तयारी करून घेणं हे मात्र कुटुंबाचंच काम होतं आणि त्याला तीन बैठका पुरल्या.

तुमच्या पत्रात मुलाचे दहावीचे मार्क आहेत, माध्यम नाही. पुढच्या शनिवारी चौघांना बोलावू नका. त्याला एकट्याला बोलवा आणि आधी ते विचारा.